एकशे सदतीस झाडं आणि एक मोकळी चौकट

वनस्पती उद्यानाच्या कार्यालयात तिला सगळे वेबवाली म्हणायचे. तिच्या हुद्द्याचं खरं नाव दारावरच्या पाटीत मावलं नव्हतं, त्यामुळे ते कुणाला ठाऊकही नव्हतं. काम मात्र सरळ होतं. उद्यानाच्या वेबसाइटवर नवी पानं चढवायची, शिळी उतरवायची, आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या लिंका जिथल्या तिथे आहेत ना, ते बघायचं. बागेतल्या झाडांची पानं गळली तर कुणी ब्र काढत नाही, वेबसाइटचं एक पान गळलं की अर्ध्या तासात तीन फोन येतात. हे ती भेटेल त्याला ऐकवायची, आणि तो हसेपर्यंत त्याला सोडायची नाही.

वेबसाइटवरची एकशे सदतीस पानं तिच्या बाबांची होती. बाबा म्हणजे याच बागेतले निवृत्त मुख्य माळी. नोकरीत असताना मुख्य वाटेवरच्या प्रत्येक झाडाची नोंद त्यांनी एका जाड वहीत ठेवली होती. कुठून आलं, कुणी लावलं, कधी फुलतं, कुठली फांदी कुठल्या वादळात मोडली, सगळं. निवृत्तीनंतर बापलेकींनी मिळून ती अख्खी वही वेबसाइटवर चढवली. बाबा सांगायचे, ती टाइप करायची, आणि एखाद्या स्वल्पविरामावरून दोघांचं तासभर वाजायचं.

आता बाबांचे गुडघे त्यांचं ऐकत नव्हते. बागेच्या शेवटापर्यंत चालणं चार वर्षांपूर्वीच सुटलं होतं. म्हणून रोज सकाळी ते लेकीबरोबर कार्यालयात यायचे, खिडकीजवळच्या जुन्या संगणकासमोर बसायचे आणि दहा झाडं वाचायचे. "आज निलगिरीपर्यंत जाऊन आलो," म्हणत चहा मागायचे.

त्या पानांबद्दल त्यांना एकाच गोष्टीचा गर्व होता, की त्यात एक अक्षर खोटं नाही. "नोंद म्हणजे नोंद. पदरचं घालायचं असेल त्यानं गोष्टी लिहाव्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एका मदतनीसानं गुलाबाची एक काडी वहीत न लिहिता घरच्या कुंडीसाठी नेली, तर बाबांनी त्याला कामावरून काढायला लावलं होतं. सगळ्यांनी समजावलं, पण ते बधले नाहीत.

पहिलं पान होतं फाटकाजवळच्या तुतीचं. वेबवालीचा जीव त्या पानात अडकला होता, कारण तिची आई त्यात होती. आईनं एकतीस वर्षं फाटकावरच्या खिडकीत बसून तिकिटं विकली. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती. पानाच्या शेवटी बाबांच्या दोन ओळी होत्या: 'दुपारी तीननंतर या तुतीची सावली तिकीट खिडकीवर येते. तिथे बसणाऱ्या बाई उन्हाळ्यातही पंखा लावत नसत.' बस्स, एवढंच. पण आईबद्दल कुणीही कुठेही वाचू शकेल असं जगात तेवढंच होतं.

त्या आईची एक खोड होती. तुती पिकल्या की डोक्यावरच्या झाडाकडे ती ढुंकूनही बघायची नाही. जेवणाच्या सुट्टीत बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, खतखड्ड्यामागच्या तुतीकडे चालत जायची आणि तिथून रुमालभर फळं आणायची. तिकडची गोड असतात म्हणायची. आठ वर्षांच्या वेबवालीनं एकदा दोन्ही झाडांची फळं एकामागून एक खाऊन निकाल दिला होता, की दोन्ही अगदी सारखीच लागतात. त्यावर आई इतकी हसली की खिडकीबाहेरची रांग खोळंबली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय, असं म्हणून मुलीनं पुढे तो विषय सोडून दिला.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना नव्या संचालकबाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, फक्त नीटनेटक्या होत्या, आणि नीटनेटक्या माणसाला दुसऱ्याचं कपाट दिसलं की हात शिवशिवतात. 'आमची झाडं' हे यादीचं पान त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. सगळ्या झाडांच्या पानांकडे नेणाऱ्या लिंका त्या एकाच पानावर होत्या.

"एकशे सदतीस नावं एकाखाली एक," त्या म्हणाल्या. "हे काय वाणसामान आहे?"

त्यापाठोपाठ नवी सिस्टीम आली. तिच्यात साफसफाईचा नियम होता. दर शुक्रवारी दुपारी चार वाजता सिस्टीम सगळी वेबसाइट चाळायची. ज्या पानाकडे दुसऱ्या एकाही पानावरून लिंक येत नाही ते पान अनाथ, आणि अनाथ पान खाली उतरायचं. ते पुन्हा चढवता यायचं, पण तिसऱ्यांदा उतरलं की कायमचं पुसलं जायचं. झाडांची पानं सोडून कशालाही हात लावायचा किंवा नवं पान उघडायचं, तर समितीची मंजुरी हवी होती. समिती तीन महिन्यांतून एकदा जमायची, आणि नुकतीच जमून गेली होती.

"पण मॅडम, यादी गेली म्हणजे झाडांची सगळीच पानं अनाथ झाली," वेबवाली म्हणाली.

"मग त्यांना एकमेकांशी जोडा. साच्यात चौकट दिलीय की."

दिली होती. प्रत्येक झाडाच्या पानाच्या तळाशी 'पुढे पाहा' अशी एक चौकट होती आणि तिच्यात एकच लिंक मावत होती. दोन का नाहीत, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या की माणसाला दोन वाटा दाखवल्या की तो घरी जातो.

घरी आल्यावर तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्यात काय अवघड आहे? प्रत्येक झाडाच्या पुढे कुठलं झाड आहे ते मला विचार."

बाग म्हणजे एक लांबट पट्टा होता. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कालवा, मधून एकच वाट. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोळे मिटून बसले आणि फाटकापासून चालू लागले. तुतीपुढे अंजीर. अंजिरापुढे बदाम. बदामापुढे बाक.

"बाकाचं पान नाहीये, बाबा."

"माहितीय मला. दम खातोय."

आठ दिवस हा प्रवास चालला. बांबूच्या बेटापाशी ते एक संध्याकाळ अडकले, कारण बांबूपुढचं झाड सुरूचं की डाळिंबाचं याबद्दल त्यांना शंका आली. शेवटी बागेतल्या झाडूवालीला फोन करून खात्री केली तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. नववा दिवस उजाडला तेव्हा ते खतखड्ड्यामागच्या तुतीपाशी पोचले होते.

"हिच्यापुढे काय लिहू?" तिनं विचारलं.

"हिच्यापुढे भिंत आहे. मोकळी सोड ती चौकट."

तोवर मसुद्यात काढून ठेवलेली सगळी पानं तिनं एका दमात प्रकाशित केली. पुढचा आठवडा दोघं अगदी हवेत होते. एखादा माणूस कुठलंही एक झाड शोधून यायचा, 'पुढे पाहा' दाबायचा आणि दाबतच राहायचा. आकडे बघून संचालकबाईंनीही भुवई उंचावली, आणि ती उंचावणं म्हणजे त्यांच्याकडून हारतुरेच.

शुक्रवारी चार वाजता मात्र फाटकाजवळच्या तुतीचं पान उतरलं.

काहीतरी गफलत झाली असेल म्हणून वेबवालीनं ते पुन्हा चढवलं. पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा उतरलं, तिनं पुन्हा चढवलं. बाकी एकशे छत्तीस पानं ठणठणीत, आणि नेमकं आईचं तेवढं दर वेळी गायब. तिनं सिस्टीम बसवणाऱ्या माणसाला फोन केला, तर तो सुट्टीवर. रोज फोन करून करून शेवटी तो तिसऱ्या शुक्रवारी सकाळी साडेअकराला सापडला.

"सोपं आहे मॅडम," तो म्हणाला. "दुसऱ्या पानाकडे पहिलं बोट दाखवतं. तिसऱ्याकडे दुसरं. पहिल्याकडे कोण दाखवतं?"

"कोणीच नाही. ते पहिलं आहे."

"मग झालं तर. ते अनाथ."

वेबवालीनं कपाळावर हात मारला. आयुष्यभर फाटकातून आत शिरणाऱ्या माणसानं झाडं मोजली होती. फाटकाकडे जायला कुठूनतरी वाट लागते, हे त्याच्या डोक्यात येणार कुठून? आणि तिच्या तरी कुठे आलं होतं?

"आज चारला ते तिसऱ्यांदा उतरेल आणि पुसलं जाईल," सिस्टीमवाला सांगत होता. "मग दुसरं पान अनाथ होईल. ते गेलं की तिसरं. साखळी पुढून उसवत जाणार. पण घाबरू नका, हळूहळू जाईल, बरीच वर्षं लागतील." त्याला हे दिलासा देणारं वाटत असावं. "शेवटच्या पानावरची चौकट रिकामी दिसतेय. तिथून पहिल्याकडे लिंक द्या, विषय मिटला."

तिनं फोन ठेवला आणि खिडकीकडे पाहिलं. बाबा संगणकासमोर बसून बदाम वाचत होते. तिनं त्यांना सगळं समजावलं आणि म्हणाली, "खतखड्ड्याच्या तुतीपुढे फाटकाची तुती लिहिते. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"बाबा."

"पुढे पाहा म्हणजे पुढे. खतखड्ड्यापुढे फाटक नाही, भिंत आहे. ही दोन झाडं बागेच्या दोन टोकांना आहेत. एकशे सदतीस पानांत एक खोटं घातलंस, तर बाकीची एकशे छत्तीस कोण खरी मानेल?"

"आणि आईचं पान गेलं तरी चालेल?"

हे जरा जास्तच झालं, हे तिला बोलता बोलताच कळलं. बाबा पुन्हा बदामाकडे वळले. घड्याळात बारा वाजत होते. सगळी साखळी नव्यानं ओवायला आठवडा लागला असता, आणि हातात चार तास होते. त्यांच्या नकळत लिंक लावून टाकावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण ते रोज दहा झाडं वाचत होते. आज ना उद्या त्या पानापर्यंत पोचले असते, आणि मग पुन्हा कुठल्याच पानावर त्यांचा विश्वास बसला नसता. ती डबा घेऊन बाहेर गेली आणि न उघडता परत आणला.

अडीच वाजता बाबांनी हाक मारली. "पोरी, ते शेवटचं पान उघड."

तिनं उघडलं. सगळ्यांत छोटं पान होतं ते. 'तुती. मूळ अज्ञात. बहुधा पक्ष्यानं आणलेलं बी.' खाली 'पुढे पाहा', आणि मोकळी चौकट.

"यातलं एक वाक्य खोटं आहे," बाबा म्हणाले. "पक्ष्याचं."

बाबा पडद्याकडेच बघून बोलत होते.

"फाटक रुंद करायचं ठरलं होतं. तुझा जन्मही नव्हता तेव्हाचं सांगतोय. तुतीवर तोडायची खूण झाली. तुझी आई खिडकीत नवीनच बसायला लागली होती. बोलली काही नाही. फक्त रोज तीन वाजता खुर्ची थोडी सरकवून सावलीत बसायची आणि वर बघायची. मला ते बघवेना."

"मग?"

"मग एक काडी तोडली आणि खतखड्ड्यामागे खोचली. वासामुळे तिकडे कुणी फिरकत नाही. मंजुरी मागितली असती तर तेव्हाचे साहेब नाहीच म्हणाले असते, म्हणून मागितलीच नाही. पुढे फाटकाचा बेत बारगळला, झाड वाचलं. पण तोवर काडीही जगली होती. एवढं मोठं झाड झाल्यावर वहीत काय लिहिणार? पक्ष्याच्या नावावर घातलं."

वेबवालीला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, दोन्हींचं काय करावं ते तिला कळेना. आयुष्यभर स्वल्पविरामासाठी भांडलेल्या या माणसानं एक अख्खं झाड चोरलं होतं, आणि तेही आईसाठी. तिला आपल्या बापाबद्दल इतकी माया आजवर कधी वाटली नव्हती.

"हसू नकोस," बाबा म्हणाले. "ज्या मदतनीसाला मी घरी पाठवलं ना, ते यानंतर दोनच वर्षांनी. एका गुलाबाच्या काडीसाठी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे नात्यानं लिंक खरीच आहे. मी नुसती लावते. कारण लिहायलाच पाहिजे असं काही नाही."

"बिनकारणाची लिंक म्हणजे पुन्हा पक्षीच. सरक."

त्यांनी खुर्ची ओढली आणि एका बोटानं टाइप करायला घेतलं. प्रत्येक अक्षर ते कळफलकावर शोधायचे, सापडलं की दाबायचे आणि वर बघून आलं का ते तपासायचे. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. वेबवाली पाठीमागे उभी राहून नखं खात होती. मध्ये एकदा तिनं मदतीला हात पुढे केला, तर तो बाजूला सारला गेला. एका स्वल्पविरामापाशी ते थांबले आणि मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान डोलावली.

पावणेचारला पानावर एवढं लिहून झालं होतं:

'ही तुती पक्ष्यानं आणलेली नाही. फाटकाजवळची तुती तोडायचं ठरलं, तेव्हा तिची एक काडी मी कुणाला न विचारता इथे लावली, आणि वहीत खोटी नोंद केली. तिकीट खिडकीतल्या बाईंना ते झाड आवडत होतं. याच चुकीसाठी मी एका मदतनीसाला कामावरून काढायला लावलं. त्यांची मी माफी मागतो.'

आणि चौकटीत: 'पुढे पाहा: फाटकाजवळची तुती. हे झाड तिच्याच फांदीचं आहे.'

"कुठलं दाबायचं?" बाबांनी विचारलं.

"ते हिरवं. 'प्रकाशित करा.' बाबा, एकदा दाबलं की सगळ्यांना दिसेल."

"म्हणूनच विचारतोय," असं म्हणत त्यांनी ते दाबलं.

चारला सिस्टीम जागी झाली. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. तिला नेहमी अर्धं मिनिट लागायचं, आज ती मुद्दाम रेंगाळतेय असं वेबवालीला वाटलं. मग अहवाल आला. तपासलेली पानं, तुटलेल्या लिंका, आणि सगळ्यांत खाली, अनाथ पानं: शून्य. वेबवालीनं तो आकडा तीनदा वाचला. नंतर तिनं फाटकाच्या तुतीचं पान उघडलं आणि शेवटच्या दोन ओळी जागेवर आहेत ना, तेही पाहून घेतलं.

सव्वाचारला संचालकबाई दारात उभ्या होत्या. चष्मा कपाळावर होता.

"बदललेल्या पानांची सूचना मला येते," त्या म्हणाल्या. "वाचलं मी."

बाबा टेबलाचा आधार घेऊन उठले. गुडघे कुरकुरले ते तिघांनाही ऐकू आलं. "नियमाप्रमाणे जे असेल ते करा," ते म्हणाले.

"निवृत्त माणसाला मी काय करणार?" बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या मदतनीसांचा पत्ता आहे तुमच्याकडे?"

"आहे. जायचं धाडस झालं नाही."

"आता जा. पान वाचून त्यांनी यायची वाट बघू नका." त्या वळल्या आणि दारातूनच वेबवालीला म्हणाल्या, "सोमवारी मूळच्या रकान्यातलं 'अज्ञात' काढून टाका. आणि बाहेर बॅटरीवरची गाडी उभी आहे, पाचपर्यंत रिकामी असते."

अशा रीतीनं चार वर्षांनी बाबा बागेच्या शेवटापर्यंत पोचले. वाटेत प्रत्येक झाडापाशी ते त्याचं नाव घेत होते, आणि बांबूपुढे खरोखरच सुरू निघाला तेव्हा त्यांनी लेकीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. खतखड्ड्याचा वास पूर्वीइतकाच होता. मागे तुती उभी होती, चांगली दोन पुरुष उंच, आणि खाली जमीन जांभळी झाली होती.

वेबवालीनं हात उंचावून चार फळं तोडली, दोन बाबांना दिली आणि दोन तोंडात टाकली.

"मी आईला तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली, "की दोन्ही सारखीच लागतात."

"तिनं त्याच संध्याकाळी मला सांगितलं," बाबा म्हणाले. "म्हणाली, पोरीच्या जिभेनं चोर पकडलाय, आता सांभाळून राहा."

"म्हणजे आईला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. काडी लावली तेव्हा पाण्याचा डबा तिनंच धरला होता."

"आणि तिकडे डोक्यावर अख्खं झाड असताना ती रोज एवढं चालत इथे यायची?"

बाबांनी उरलेली तुती तोंडात टाकली आणि बोटं रुमालाला पुसली.

"ते झाड बागेचं होतं," ते म्हणाले. "हे तिचं होतं."